"हुशार आहे हो सर, पण अभ्यासच करत नाही"

नाशकात आठवी-नववीला शिकवणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला विचारा, पालकसभेत हे वाक्य ऐकलं नाही असं एक वर्ष जात नाही. ७५ मार्कांची कुवत असलेलं पोरगं ४८ वर येऊन थांबलंय आणि पास होतंय म्हणून कुणाचं तिकडे लक्षच नाही, माझ्या मते हीच मुलं सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहेत. आपण कायम नापास झालेलीच मोजत आलो, आणि ही सवय खूप जुनी आहे.

१९२९ मध्ये इंग्रजांच्या काळातल्या हार्टोग शिक्षण समितीने अपव्यय आणि स्थगन हे दोन शब्द पुढे आणले, म्हणजे शाळा मधेच सोडणारी किती आणि त्याच वर्गात अडकून पडणारी किती. मोजणी तेवढ्यावरच राहिली. मुलाची कुवत वेगळी मोजायची कल्पना आली पॅरिसहून, १९०५ मध्ये बिने आणि सिमाँ यांनी बुद्धिमापन चाचणी केली ती शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना मदत मिळावी म्हणून, आणि १९३० च्या दशकात डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली. म्हणजे कुवत एकीकडे आणि मार्क दुसरीकडे ठेवून मधला फरक बघायचं साधन मराठीत तेव्हापासून आहे, पण रोजच्या वर्गात ते कधी आलंच नाही. वर्गात राहिला तो "ढ" हा शिक्का.

पुढे माध्यमिक शिक्षणावरच्या मुदलियार आयोगाने १९५३ च्या अहवालात सांगितलं की प्रत्येक मुलाची नीट नोंद ठेवा, नुसत्या वार्षिक परीक्षेवर जाऊ नका. कोठारी शिक्षण आयोगानेही (१९६४-६६) संचयी नोंदपत्रकाचा, म्हणजे मुलाची दरवर्षीची नोंद एकाच जागी साठवत जाण्याचा, आग्रह धरला. बीएडला आम्ही हे पाठ करून लिहिलंय.

मग २०१० ला शिक्षण हक्क कायदा लागू झाला, आठवीपर्यंत नापास करणं तेव्हा बंद झालं, आकारिक (वर्षभर चालणारं) आणि संकलित (सत्राच्या शेवटचं) मूल्यमापन आणि वर्णनात्मक नोंदी आल्या. २०१५ च्या "प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र" या सरकारी कार्यक्रमाने वाचन-गणिताचा पाया तपासणाऱ्या पायाभूत चाचण्या आणल्या आणि "अप्रगत" हा शब्द स्टाफरूममध्ये रुळला. चांगलं होतं ते, खरंच, वाचता न येणारं मूल निदान सापडायला लागलं. पण माझं ४८ वालं पोरगं अप्रगतमध्ये बसत नाही ना, त्याला वाचता येतं, भागाकार येतो, मग तो यादीत येणार कसा.

आणि मार्कांवर किती विसंबायचं तेही बघा. दहावीचा राज्याचा निकाल २०१८ ला ८९.४१ टक्के, २०१९ ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेनेच द्यायचे अंतर्गत २० मार्क काढले तर ७७.१०, २०२० ला ते परत दिले तर ९५.३०. दोन वर्षांत मुलांची कुवत एवढी खालीवर होते का? नाही होत. म्हणून एका परीक्षेवरून कोण मागे पडतंय हे ठरवता येत नाही, त्याच मुलाचं पाचवीपासूनचं चित्र समोर लागतं. पाचवीला गणितात पुढे असलेली मुलगी आठवीत एकदम घसरली तर काहीतरी झालंय, घरी, डोळ्यांना, किंवा द्राक्षाच्या सीझनला पेठ-सुरगाण्याकडून आईबाप दिंडोरी-निफाडला कामाला आले आणि तिचे दोन महिने गेले.

पण ते चित्र आमच्यापर्यंत येतच नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतून पोरगं हायस्कूलला येतं तेव्हा बऱ्याचदा हातात असतो फक्त शाळा सोडल्याचा दाखला, आणि त्यावर मुलाबद्दल काय लिहिलेलं असतं तर, अभ्यासातील प्रगती: चांगली, वर्तणूक: चांगली.