वाचननोंदींचं पुस्तक करून घेताय? आधी अवतरणचिन्हांचं बघा

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे अलीकडे सगळ्यात जास्त येणारं काम म्हणजे वाचननोंदींची पुस्तकं. वर्षभरात काय काय वाचलं, काय आवडलं, कुठे अडखळलो, कोणतं पुस्तक अर्ध्यात सोडलं आणि का, हे लोक वहीत नाहीतर मोबाईलमध्ये लिहून ठेवतात आणि मग त्याच्या पाच-दहा प्रती करून घेतात, घरच्यांसाठी, वाचणाऱ्या मित्रांसाठी, कुणी फक्त स्वतःच्या कपाटात ठेवायला. आम्ही दोघं बहीणभाऊ हे काम करतो. टाईप करणं, पानं लावणं, प्रूफं बघणं हे ताईकडे आणि शिवण-बांधणी माझ्याकडे. खूप आवडतं आम्हाला हे काम, पावतीपुस्तकं छापताना माणसाचं मन इतक्या जवळून वाचायला मिळत नाही.

प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो, "किती दिवस लागतील?" आणि आठवड्याभराने त्याच माणसाचा दुसरा प्रश्न येतो, "अजून झालं कसं नाही?" दोन्हीचं उत्तर एकच आहे आणि ते फोनवर प्रत्येकाला सांगण्यात आमचाही वेळ जातो आणि तुमचाही, म्हणून हे पत्रक.

बांधणीला वेळ लागत नाही. १६ पानांचा एक फर्मा, असे आठ फर्मे धरले तर १२८ पानांचं पुस्तक होतं, ते शिवून, पुठ्ठा चढवून, दाबाखाली सुकवून तीन दिवसांत तयार असतं. टायपिंगही ताई भराभर करते. वेळ सगळा एकाच ठिकाणी जातो: हे वाक्य पुस्तकातलं आहे की तुमचं, हे कळत नाही.

उदाहरण देतो, हे मी पत्रकासाठीच रचलंय. समजा एका कादंबरीत वाक्य आहे, "नदीला घाई नसते, तिला फक्त उतार असतो." तुम्हाला ते भिडलं, तुम्ही वहीत लिहिलंत, "नदीला घाई नसते, उतार असतो. किती खरंय. आपण उगाच धावतो." आता यात पहिलं वाक्य लेखकाचं, पण दोन शब्द गाळलेले, दुसरं तुमचं, आणि तिसरं? ते लेखकाने पुढच्या ओळीत म्हटलेलं असू शकतं किंवा तुम्हाला त्या क्षणी सुचलेलं असू शकतं. लिहिताना तुम्हाला शंभर टक्के माहीत असतं, म्हणूनच खूण करायची गरज वाटत नाही. सहा महिन्यांनी ती वही आमच्याकडे येते, ताई विचारते, "हे तिसरं वाक्य कुणाचं?" आणि समोरचा माणूस वहीकडे बघत बसतो. मग पुस्तक शोधा, ते वाचनालयातून आणलेलं असतं आणि परत गेलेलं असतं, मग कुणाकडे आहे का विचारा, मग पान सापडत नाही. अशी तीस-चाळीस वाक्यं एका वहीत असली की महिना जातोच.

"एवढं काय बारीक बघता, छापून टाका" असंही लोक म्हणतात. आमचं म्हणणं असं की पुस्तकावर नाव तुमचं असतं. एका बाईंच्या नोंदींमध्ये शेवटच्या पानावर फार सुंदर दोन ओळी होत्या, त्यांच्या मुलीने त्या मुखपृष्ठावर मागच्या बाजूला घ्यायला सांगितल्या होत्या, आईचं वाक्य म्हणून. मी ते पुस्तक योगायोगाने वाचलेलं होतं म्हणून ओळी ओळखल्या. बाईंना इतकं वाईट वाटलं, कारण त्यांनाही खरंच ते आपलंच वाटत होतं, त्यात लबाडी काहीही नव्हती. हे कुणाचंही होतं. पुढे लेखिका म्हणून गाजलेल्या, अंध आणि बधिर असलेल्या हेलन केलर ११ वर्षांच्या असताना त्यांनी एक गोष्ट लिहिली, ती छापून आली आणि मग लक्षात आलं की मार्गारेट कॅनबी यांच्या आधी छापलेल्या एका गोष्टीशी ती फार जुळते. ती गोष्ट त्यांना काही वर्षांपूर्वी हातावर अक्षरं उमटवून वाचून दाखवली गेली होती आणि ऐकल्याचं त्या पूर्ण विसरल्या होत्या, गोष्ट मात्र मनात राहिली होती. त्या लहान मुलीची चौकशी झाली, तिला फार सोसावं लागलं. वाचलेलं कोणतं आणि आपलं कोणतं ही सीमा आपल्याला नेहमी ओळखता येत नाही, असं त्यांनी पुढे आत्मचरित्रातही लिहिलंय. म्हणजे खूण करायची ती नंतरच्या तुमच्यासाठी, आत्ताच्या तुम्हाला सगळं आठवतंच.

उलटंही होतं आणि ते मला जास्त लागतं. वाचकाचं स्वतःचं चांगलं वाक्य अवतरणात जातं, खाली लेखकाचं नाव लागतं, मग ते फोटो काढून पुढे पाठवलं जातं आणि त्या लेखकाच्या नावावर कायमचं चिकटतं. त्याने ते कधीच लिहिलेलं नसतं. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या थोरांच्या वचनांपैकी किती अशी तयार झाली असतील देव जाणे. आपल्या दुकानातून असं एकही बाहेर जाऊ नये एवढी काळजी आम्ही घेतो.

अजून एक कारण आहे, ते निव्वळ मराठीचं आणि टाईप करणाऱ्यालाच कळतं. आपले आजचे लेखनाचे नियम मराठी साहित्य महामंडळाचे, १९६२ चे. त्याआधीच्या पुस्तकांत 'घरांत', 'कीं', 'नाहीं' असे न उच्चारलेले अनुस्वार भरपूर असतात. उतारा जुन्या पुस्तकातला असेल तर आम्ही ते अनुस्वार तसेच ठेवतो, लेखकाने जसं लिहिलं तसं. पण वाक्य तुमचं असेल आणि हात चुकून अनुस्वार पडला असेल तर तो काढायला पाहिजे. आता कुणाचं वाक्य हेच माहीत नाही तर ताईने अनुस्वार ठेवायचा की काढायचा? प्रूफाला हात लावता येत नाही, काम तिथेच थांबतं. म्हणून आम्ही अंदाजाने काहीही करत नाही, वही परत पाठवतो. काही लोक रागावतात. पण नंतर बदलायला गेलं तर एक ओळ सरकली तरी पुढची पानं हलतात, कधीकधी पूर्ण फर्मा पुन्हा छापावा लागतो, त्यापेक्षा आधी विचारलेलं बरं.

मग करायचं काय, तर लिहितानाच तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. जसाच्या तसा उतारा असेल तर अवतरणचिन्ह सुरुवातीलाही आणि शेवटालाही, शेवटचं लोक हमखास विसरतात आणि मग उतारा कुठे संपला ते कळत नाही. मधलं काही गाळलं असेल तर तीन टिंबं. लेखकाचा विचार पण तुमच्या शब्दांत असेल तर समासात 'सा' लिहा, सारांशाचा. आणि स्वतःचं असेल तिथे 'मी'. बस एवढंच. सगळ्यात जास्त घोटाळा मधल्या प्रकारात होतो, अर्ध वाक्य लेखकाचं आणि अर्ध आपलं वळवलेलं, तेव्हा 'सा' लिहायचा आळस करू नका. रंगीत पेनाने खुणा करू नका, लोक निळं म्हणजे उतारा आणि काळं म्हणजे आपलं असं ठरवतात, आणि मग आमच्याकडे काळीपांढरी झेरॉक्स पाठवतात. मोबाईलवर बोलून टाईप करत असाल तर अवतरणचिन्हं बहुधा येत नाहीत हे लक्षात घ्या, बोलताना सरळ "उतारा सुरू", "उतारा संपला" असं म्हणा, शब्द म्हणून ते उमटतील, आम्ही बघून घेऊ.

पान क्रमांक लिहिता ते चांगलं आहे, पण नुसता पान क्रमांक उपयोगाचा नाही, आवृत्ती बदलली की पानं बदलतात. आवृत्ती आणि वर्ष लिहा, अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव लिहाच, कारण तुम्हाला आवडलेलं ते वाक्य मराठीत त्याने किंवा तिने घडवलंय आणि त्यांचं नाव पुस्तकात नसणं बरोबर नाही. ई-बुकमध्ये अक्षर मोठं केलं की पानच बदलतं, तिथे प्रकरण लिहा. ऐकलेलं पुस्तक असेल तर कितव्या मिनिटाला ते. आणि शक्य असेल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला त्याचा ओळख क्रमांक, टिपून ठेवा, २००७ पासून तो १३ आकडी आहे, त्याआधी १० आकडी होता, खूप जुन्या पुस्तकांवर नसतोच. १३ आकडी नंबरात एक सोय अशी की आकड्यांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज केली तर तिला १० ने नि:शेष भाग जातो, त्यामुळे टिपताना एक आकडा चुकला असेल तर ताईला लगेच कळतं. त्या एका नंबरावरून नेमकी आवृत्ती सापडते आणि आमचे दोन फोन वाचतात.

कधी लिहायचं हेही विचारतात. पुस्तक संपल्यावर लगेच, निदान दुसऱ्या दिवसापर्यंत. १८८५ साली हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेल्यातलं निम्म्याहून जास्त पहिल्या तासातच निसटतं आणि दिवसभराने साधारण तिसरा हिस्सा उरतो. त्यांनी निरर्थक अक्षरं पाठ केली होती, पुस्तकाला अर्थ असतो म्हणून ते जास्त टिकतं, पण शब्द मात्र झपाट्याने जातात, हा आमचा रोजचा अनुभव. उशीर झाला तर आणखी एक गोष्ट होते. फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९३२ साली छापलेल्या अभ्यासात इंग्लंडमधल्या लोकांना उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा वाचायला दिली होती आणि नंतर आठवून लिहायला सांगितली होती. लिहिताना तिथली 'कनू', म्हणजे वल्ह्याची निमुळती होडी, साधी बोट झाली, सीलची शिकार मासेमारी झाली, जे जे अनोळखी ते ते ओळखीचं होत गेलं. तुम्ही सहा महिन्यांनी आठवून सारांश लिहिता तेव्हा तेच होतं. म्हणून आठवणीतून लिहिलेलं छापायचंच नाही असं आम्ही म्हणत नाही, त्याची मजा वेगळी असते, फक्त तारीख घाला आणि "आठवून लिहिलं" असं लिहा. उलट आमचा सल्ला आहे की पुस्तक मिटवून आधी आठवेल ते लिहा आणि मगच उतारे शोधायला पुस्तक उघडा. २००६ मध्ये रोडिगर आणि कारपिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने घेतली तेव्हा न बघता आठवून लिहिणारे पुढे होते. शिवाय असं लिहिलं की 'मी' आणि 'सा' आपोआप आधी येतात, उतारे वेगळे राहतात.

शेवटी सूची लावून देता का हाही प्रश्न असतो. हो, देतो. जॉन लॉक या इंग्रज तत्त्ववेत्त्याने १६८६ मध्ये स्वतःच्या नोंदवहीची पद्धत छापली होती, विषयाचं पहिलं अक्षर आणि त्यानंतरचा पहिला स्वर घेऊन सूची करायची. आपल्याकडे ते आयतंच आहे, अक्षरातच स्वर बसलेला असतो. नदी 'न'खाली, नाव 'ना'खाली, निरोप 'नि'खाली. आम्ही कोऱ्या वहीत मागे बाराखडीची अशी पानं आखून देतो, वाचता वाचता विषय आणि पान टिपत गेलं की वर्षअखेरीस सूची तयारच असते, वेगळी करायला लागत नाही.

हो, कोऱ्या वह्याही आम्ही करतो, आणि त्या याच त्रासातून तयार झाल्यात. डावं पान पुस्तकासाठी, उजवं तुमच्यासाठी. डाव्या पानावर वर पुस्तक, लेखक, अनुवादक, आवृत्ती, वर्ष यांच्या ओळी, खाली उतारे, कडेला पान क्रमांकाची पट्टी. उजव्या पानाला रुंद समास, 'मी' आणि 'सा' साठी. आकार ए-फाईव्ह, जुज शिलाईची, म्हणजे फर्मे दोऱ्याने शिवलेली असल्याने पूर्ण सपाट उघडते आणि लिहिताना हाताने दाबून धरावी लागत नाही. कागद आम्लविरहित घेतो, थोडा महाग पडतो पण वर्षानुवर्षांनी पिवळा पडून तुकडे व्हायला नको, तुमची नात ती वही उघडणार आहे. ज्यांनी या वहीत वर्षभर लिहिलं त्यांचं पुस्तक आम्ही खरंच आठवड्यात दिलंय, कारण विचारायला काही उरतच नाही. दुसरी कुठली वही वापरत असाल तरी चालेल, डावं-उजवं एवढं पाळा, आमच्याकडूनच घ्या असं अजिबात नाही.

आणि एक, अख्खी कविता किंवा अख्खं प्रकरण उतरवून छापायला देऊ नका. तुमच्या विचारासाठी लागणाऱ्या चार ओळी घेणं वेगळं आणि दुसऱ्याचं लिखाण आपल्या पुस्तकात भरणं वेगळं. आम्ही ते परत करतो, वाईट वाटून घेऊ नका.

वही देताना पानांना क्रमांक घालून द्या, मोबाईलमधलं असेल तर एकाच फाईलमध्ये युनिकोडमध्ये पाठवा, जुन्या फॉन्टमधलं असेल तर आधी सांगा, रूपांतर करताना जोडाक्षरं तुटतात म्हणून ताईला ते एकदा पूर्ण वाचावं लागतं. ज्या वाक्यांबद्दल तुम्हालाच खात्री नाही तिथे प्रश्नचिन्ह करा, लपवू नका, ती आम्ही मिळून शोधू. पुस्तक तुमच्याकडे असेल तर वहीबरोबर तेही देऊन ठेवा, उतारे आम्ही पुस्तकाशी पडताळून घेतो आणि काम झालं की वही आणि पुस्तक दोन्ही जसं आलं तसं परत मिळतं.