विडीच्या सट्टेदारापासून गोदामाच्या एजन्सीपर्यंत

गावाकडची पोरं आयटीआय, बारावी नाहीतर बी.ए. करून भिवंडीच्या गोदामात, नागपूर-पुण्याच्या कॉल सेंटरात किंवा दक्षिणेतल्या मोबाईल कारखान्यात कामाला लागतात. काम जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांचं असतं, पण पगाराच्या पावतीवर नाव कुठल्याशा एजन्सीचं. पीएफ जमा झाला नाही किंवा ओव्हरटाइम बुडाला, की कंपनी म्हणते एजन्सीला विचारा आणि एजन्सी म्हणते वरून आदेश आहेत. ही पद्धत संगणकाबरोबर आली असं अनेकांना वाटतं. विदर्भात मात्र तिची मुळं तेंदूच्या पट्ट्यात सापडतात.

भंडारा-गोंदियाकडे सट्टेदार, म्हणजे विडी कारखान्याचा मध्यस्थ, कारखान्यातून तेंदूचं पान (पत्ता) आणि तंबाखू उचलायचा, गावात वाटायचा आणि बायका घरी विड्या वळायच्या. मोजणीच्या वेळी सैल, वाकडी, कमी भरलेली विडी ‘छाट’ म्हणून बाजूला निघायची. छाटीची मजुरी नाही आणि विडीही परत नाही. पत्ता खराब निघाला तरी हजार विड्यांचा हिशोब पुरा करायचा, प्रसंगी पदरच्या पैशाने पत्ता आणून. कारखानदाराच्या वहीत त्या बाईचं नावच नसायचं. तक्रार करायची तर कोणाविरुद्ध?

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला तो विडीमुळेच. सागरच्या एका कारखान्याच्या खटल्यात 1958 साली न्यायालयाने सट्टेदाराला स्वतंत्र ठेकेदार ठरवलं, कारखान्याचा कामगार नव्हे. सागर तेव्हा मध्य प्रदेशात होतं आणि 1956 पर्यंत विदर्भही त्याच राज्यात होता, त्यामुळे तो निकाल इकडच्या कारखानदारांना सोयीचाच. पण 1960 च्या अखेरीस नागपुरातल्या विडी कारखान्याचा खटला आला, बिरधीचंद शर्मा खटला म्हणून तो ओळखला जातो. ही माणसं हवं तेव्हा येतात, हवं तेव्हा जातात आणि नगावर पैसे घेतात, मग ती कामगार कशी, असा कारखान्याचा सवाल होता. न्यायालयाने कामाची रीत बारकाईने पाहिली. दुपारनंतर येणाऱ्याला काम मिळत नव्हतं. आठ दिवसांहून अधिक गैरहजर राहिलं तर नाव कमी होत होतं. विडी पसंत नाही म्हणून नाकारता येत होती. म्हणजे ताबा कारखान्याचाच, आणि म्हणून ही माणसं कामगारच.

मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. ‘तुम्ही केव्हाही लॉगिन करा, केव्हाही बंद करा, तुम्ही स्वतंत्र आहात’ असं आजची ॲपवाली कंपनी सांगते, तेव्हा ती नागपुरात हरलेलाच युक्तिवाद पुन्हा मांडत असते. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने उबरच्या चालकांबाबत 2021 साली हीच कसोटी लावली : भाडं कोण ठरवतं, रेटिंगवरून कामावरून कोण काढतं.

घरी वळणाऱ्या बायकांना दिलासा द्यायला 1966 चा विडी-सिगार कामगार कायदा लागला. घरखेपी, म्हणजे घरी बसून काम करणारे, कामगार त्याने आपल्या कक्षेत घेतले आणि ठेकेदारामार्फत काम असलं तरी जबाबदारी मूळ मालकावर टाकली. छाट किती काढायची, यावरही नियमाने मर्यादा आली. कारखानदार त्याविरुद्ध न्यायालयात गेले. 1974 साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा कायम ठेवला. अंमलबजावणी कायम लंगडीच राहिली, हेही खरं.

तंत्रज्ञान कंपन्यांत हा वाद पेटला तो अमेरिकेत. मायक्रोसॉफ्टमध्ये वर्षानुवर्षं कायम कर्मचाऱ्यांच्या शेजारी बसून काम करणाऱ्या ‘तात्पुरत्या’ लोकांनी 1992 साली दावा लावला आणि 2000 साली कंपनीने 9 कोटी 70 लाख डॉलरवर तडजोड केली. पण त्याच वर्षी कंपनीने नियम आणला : एजन्सीच्या माणसाने वर्षभर काम केलं की 100 दिवस बाहेर. आपल्याकडे वर्षात 240 दिवस भरले की सलग नोकरीचे हक्क लागू होतात, ते भरू नयेत म्हणून ‘ब्रेक’ देतात, त्याचीच ही थोरली बहीण. पुढे 2019 साली गुगलमध्ये कंत्राटी आणि तात्पुरते मिळून सुमारे 1,21,000 लोक असल्याचं बाहेर आलं. कायम होते सुमारे 1,02,000.

भारतात 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने एक भक्कम गोष्ट दिली. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मूळ मालकाने द्यायचा. मात्र सरकारने कंत्राटी पद्धतीवर बंदी आणली म्हणून कामगार आपोआप कायम होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली ‘सेल’ या सरकारी पोलाद कंपनीच्या खटल्यात ठरवलं आणि कंपन्यांना मोकळं रान मिळालं. महाराष्ट्राने कायदा लागू होण्याची मर्यादा 20 कामगारांवरून 50 वर नेली. छोट्या-छोट्या ठेक्यांत माणसं वाटणाऱ्यांची त्याने सोय झाली. डिसेंबर 2020 मध्ये कर्नाटकात कोलारजवळ नरसापुरात आयफोन बनवणाऱ्या विस्ट्रॉनच्या कारखान्यात थकलेल्या आणि कापलेल्या पगारावरून तोडफोड झाली. पगार नीट दिले गेले नव्हते, हे नंतर ॲपललाही मान्य करावं लागलं. हरियाणातल्या मानेसरच्या ॲमेझॉन गोदामात टार्गेट पुरं होईपर्यंत पाणी-लघवीला जाणार नाही अशी शपथ घ्यायला लावल्याचा आरोप 2024 साली झाला, तेव्हा राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने केंद्र सरकारला नोटीस काढली.

जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या केंद्राच्या चार श्रमसंहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या. ॲपवर काम करणाऱ्यांचा उल्लेख त्यांत पहिल्यांदा आला आणि त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के द्यायचे ठरले. मुख्य कामात कंत्राटी माणूस ठेवायला बंदी आहे, पण साफसफाई, पहारा, माल चढवणं-उतरवणं ही कामं मुख्य धरलेली नाहीत. त्यालाही एक अपवाद आहे : आस्थापना त्याच कामासाठी उभी असेल तर ते मुख्यच. जिथे दिवसरात्र ट्रक रिकामे करणं आणि भरणं एवढंच चालतं, त्या गोदामात माल उतरवणारा पोरगा मुख्य काम करतो, असं माझं स्पष्ट मत आहे. कामगार संघटनांनी हा मुद्दा न्यायालयात नेला पाहिजे, आणि नेताना नागपूरच्या विडी खटल्याचा निकाल सोबत ठेवला पाहिजे.