ॲरे हेच आर्ग्युमेंट, की ॲरेमध्ये आर्ग्युमेंट्स?

सी भाषेतल्या प्रोग्रामच्या पोटात पायथन भाषा बसवून त्यातल्या फंक्शनला ॲरे (आकड्यांची रांग) देणारा कोड माझ्याकडे तपासायला येतो, तेव्हा दहापैकी नऊ वेळा दुखणं एकच असतं: ॲरे अख्खा एकच आर्ग्युमेंट (फंक्शनला दिलेली गोष्ट) म्हणून जायचा, की त्यातला एकेक आकडा वेगळं आर्ग्युमेंट म्हणून, याचा घोळ. आता ते एकदा नीट लिहूनच ठेवतो.

पायथनमध्ये हा गोंधळ कुणी घालत नाही. सरासरी(पाऊस) म्हटलं की यादी अख्खी आत जाते, सरासरी(*पाऊस) म्हटलं की एकेक आकडा सुटा जातो. हे तुम्हाला ठाऊक आहेच. सीमध्ये मात्र ती चांदणी नाही. तिथे हा फरक तुम्ही कोणतं एपीआय फंक्शन (सीमधून पायथनला हाक मारायचं तयार फंक्शन) वापरता आणि फॉरमॅट स्ट्रिंगमध्ये (पुढे दिलेल्या गोष्टी कशा वाचायच्या ते सांगणाऱ्या मजकुरात) काय लिहिता यावर ठरतो.

समजा, पेडण्यापासून काणकोणपर्यंत गोव्याच्या 12 तालुक्यांचा एका दिवसाचा पाऊस सी प्रोग्रामकडे आहे आणि पायथनमधलं 'सरासरी' हे फंक्शन एकच आर्ग्युमेंट घेतं. पायऑब्जेक्ट_कॉलऑब्जेक्ट या एपीआय फंक्शनला लिस्ट (बदलता येणारी यादी) दिलीत तर ते टाइपएरर, म्हणजे चुकीच्या प्रकाराची तक्रार, देतं: आर्ग्युमेंट्सची यादी टपलच (बदलता न येणारी यादी) हवी. इथे बहुतेक जण लिस्टचं टपल करून मोकळे होतात, आणि मग पायथन सांगतो की फंक्शनला 1 आर्ग्युमेंट हवं होतं, 12 आली. ते टपल म्हणजे तुमचा डेटा नव्हेच, ती आर्ग्युमेंट्सची रांग आहे. एकाच घराचं टपल करा आणि त्या घरात अख्खी लिस्ट ठेवा. झालं.

इथवर चूक निदान ओरडते तरी. खरा घात पायऑब्जेक्ट_कॉलफंक्शनमध्ये आहे. त्याला फॉरमॅट म्हणून नुसतं "ओ" हे रोमन अक्षर द्यायचं, पुढे ऑब्जेक्ट द्यायचा. ऑब्जेक्ट लिस्ट असेल तर ती एकच आर्ग्युमेंट म्हणून जाते. टपल असेल तर ते फोडलं जातं आणि प्रत्येक घटक वेगळं आर्ग्युमेंट होतो. ओळ तीच, फॉरमॅट तोच, आणि अर्थ ठरतो ऑब्जेक्टच्या प्रकारावर! जुना कोड मोडू नये म्हणून हे वागणं मुद्दाम राखलेलं आहे. मला ते मुळीच पटत नाही. फॉरमॅटमध्ये "ओ"भोवती कंस घातला, की टपलसुद्धा अख्खं जातं.

आता हेच पायथनच्या मॅक्स या फंक्शनवर करून बघा. सर्वांत जास्त पाऊस किती, एवढाच प्रश्न. मॅक्स एक यादीही घेतं आणि सुटे आकडेही, त्यामुळे टपल फुटलं तरी उत्तर बरोबरच येतं. चाचणी पास, कोड चालू. मग जुलैत एखाद्या दिवशी फक्त सत्तरी तालुक्याचा आकडा येतो. टपलमध्ये एकच घटक उरतो, तो फुटून नुसता फ्लोट (दशांश आकडा) मॅक्सकडे जातो, आणि एरर येते की फ्लोटवरून फिरता येत नाही. मग वाळपईच्या पर्जन्यमापकापासून फाइलच्या स्वल्पविरामापर्यंत सगळ्यांवर संशय घेतला जातो, पण त्या "ओ"कडे कुणी बघत नाही.

म्हणून एकच आर्ग्युमेंट द्यायचं असेल तर मी पायऑब्जेक्ट_कॉलवनआर्गच वापरतो. पायथन 3.9 पासून ते आहे, आणि लिस्ट असो वा टपल, ते काहीही फोडत नाही. जुन्या आवृत्तीवर अडकला असाल तर पायऑब्जेक्ट_कॉलफंक्शनऑब्जआर्ग्ज घ्या, शेवटी नल (आर्ग्युमेंट्स संपल्याची खूण) द्यायला विसरू नका. नुसतं "ओ" लिहिलेला कोड माझ्याकडे आला तर मी तो परत पाठवतो, आज चालत असला तरी.

लिस्ट घ्यावी की टपल, यावर लोक उगाच वाद घालतात. 12 आकड्यांसाठी काहीही घ्या. त्यांची घरं भरणारी पायलिस्ट_सेटआयटेम आणि पायटपल_सेटआयटेम, दोन्हीही दिलेल्या ऑब्जेक्टची मालकी स्वतःकडे घेतात, तेव्हा त्यानंतर डेकरेफ (आपली मालकी सोडणं) करू नका.

सीमध्ये पायथनऐवजी लुआ ही भाषा बसवणाऱ्यांनी निर्धास्त राहू नये. तिथे आधी फंक्शन स्टॅकवर (एकावर एक रचलेल्या ढिगावर) ठेवायचं, मग आर्ग्युमेंट्स, आणि फंक्शन बोलावणाऱ्या लुआ_पीकॉलला किती आर्ग्युमेंट्स ते सांगायचं. टेबल (लुआची यादी) भरून ते ठेवलंत तर 1, आकडे सुटे ठेवलेत तर 12. एकच पॅरामीटर असलेल्या फंक्शनला 12 सुटे आकडे दिलेत तर लुआ तक्रार करत नाही. पहिला ठेवतो, उरलेले 11 गुपचूप टाकून देतो. आणि 12 आकडे ठेवून 1 सांगितलंत तर तो अकराव्या आकड्यालाच फंक्शन समजून बोलवायला जातो. आकड्याला कॉल करता येत नाही अशी एरर दिसली, तर स्क्रिप्ट उघडूही नका, सीमधली ती संख्या बघा.