दिवा लागतो, मग ड्रिल का फिरत नाही?

उन्हाळा तोंडावर आला की नागपुरात कूलर बसवण्याची एकच घाई उडते आणि खिडकीबाहेर लोखंडी स्टँड लावणाऱ्या कारागिरांच्या हातात हल्ली बॅटरीवर चालणारी ड्रिल मशीन दिसते. बिट भिंतीत शिरताच ही मशीन बंद पडू लागली, तर पुष्कळदा तिची बॅटरी काढून त्याच कंपनीच्या एलईडी दिव्याला लावून पाहिली जाते. दिवा लख्ख लागतो, बॅटरी निर्दोष ठरते आणि मशीन विनाकारण दुरुस्तीला जाते.

18 व्होल्टच्या बॅटरीत लिथियम-आयन सेलचे पाच संच एकसर जोडणीत असतात. प्रत्येक संच सरासरी 3.6 व्होल्टचा, पूर्ण चार्ज झाल्यावर 4.2 व्होल्टचा, म्हणजे भरलेली बॅटरी मल्टिमीटरवर 21 व्होल्टच्या आसपास दिसते. बाजारात ‘21 व्होल्ट’ म्हणून विकला जाणारा बराचसा माल आतून हाच असतो, त्यामुळे त्या आकड्याला भुलण्याचे कारण नाही.

सेल जुना होतो तसा त्याचा अंतर्गत रोध वाढतो. समजा, एका थकलेल्या बॅटरीचा एकूण रोध 0.3 ओहम झाला आहे. दहा वॉटचा दिवा तिच्याकडून जेमतेम अर्धा अँपिअर विद्युतधारा घेतो, त्यामुळे आतल्या आत वाया जाणारे व्होल्टेज 0.2 व्होल्टपेक्षाही कमी राहते आणि दिव्याला बॅटरीचे म्हातारपण जाणवतही नाही. काँक्रीटमध्ये अडलेली ड्रिल मात्र 25 अँपिअर ओढू शकते, तेव्हा 7.5 व्होल्ट आतच खर्ची पडतात, प्रत्येक संचाच्या वाट्याला सुमारे 2.1 व्होल्ट उरतात आणि संरक्षक सर्किट पुरवठा तोडते. बॅटरीची खरी परीक्षा भाराखालीच होते: ड्रिल चालू असताना व्होल्टेज किती कोसळते ते पाहावे, किंवा सरळ दुसरी चांगली बॅटरी लावून तीच मशीन चालवून पाहावी.

दिव्याचा दुसरा उपद्रव अधिक छुपा आहे. बॅटरी ठरावीक पातळीखाली गेल्यावर स्वतःहून बंद होण्याची सोय काही स्वस्त दिव्यांत नसते. असा दिवा रात्रभर चालू राहिला, तर तो बॅटरी थेंबाथेंबाने पार निचरून टाकतो. संच 2.5 व्होल्टच्या बराच खाली गेला की सेलमधील तांब्याचा पातळ पत्रा विरघळू लागतो आणि पुन्हा चार्ज करताना तेच तांबे भलत्या जागी साचून आत शॉर्टसर्किट होण्याचा धोका निर्माण होतो. म्हणूनच अशी बॅटरी लावल्यावर चार्जर दोषाचा दिवा लुकलुकवतो आणि चार्जिंग नाकारतो. भरलेल्या बॅटरीच्या तारा जोडून तिला ‘झटका’ देण्याची क्लृप्ती सर्रास सांगितली जाते. चार्जरने जी गोष्ट समजून-उमजून टाळली, तीच आपण हाताने करण्यासारखे हे आहे.

चार्जरचा प्रत्येक नकार मात्र बिघाडाचा नसतो. बॅटरीत तापमान मोजणारा थर्मिस्टर असतो आणि बहुतेक लिथियम-आयन सेल 45 अंश सेल्सिअसच्या वर चार्ज करू नयेत, अशी मर्यादा असते. मे महिन्यात नागपूरचा पाराच त्या आकड्याला टेकतो. त्यात गच्चीवर काम करून तापलेली, दुचाकीच्या डिकीत आणखी भाजलेली बॅटरी दुपारी चार्ज होत नसेल, तर दोष तिचा नव्हे. तिला घरात सावलीत पंख्याखाली तासभर ठेवावे. फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण बाहेर काढताच तिच्या अंगावर आणि फटींतून आतही दव धरते.

एवढे करूनही चार्जर नाकारत असेल, तर बॅटरीचे आणि चार्जरचे धातूचे संपर्क कोरड्या कापडाने पुसावेत आणि त्याच चार्जरवर दुसरी बॅटरी लावून पाहावी. बॅटरी फुगलेली असेल किंवा तिला गोडसर, रसायनासारखा वास येत असेल, तर मात्र पुढे काहीच तपासू नये. ती घरच्या कचऱ्यात किंवा भंगारवाल्याकडे न देता विक्रेत्याकडे अथवा ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.