डी.एल.एड. की डी.एड. विशेष शिक्षण? पात्रता, अर्ज आणि कागदपत्रांची पूर्ण माहिती

प्राथमिक शाळेत शिकवायचे आहे आणि दिव्यांग मुलांबरोबरही काम करायचे आहे, असे ठरवलेल्या विद्यार्थ्याचे महाराष्ट्रात एका अर्जावर भागत नाही. सर्वसाधारण शाळेतल्या पहिली ते पाचवीसाठी डी.एल.एड., म्हणजे प्राथमिक शिक्षणाची पदविका लागते. जुने लोक यालाच अजून डी.एड. म्हणतात. हा अभ्यासक्रम राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, म्हणजे एनसीटीईच्या अखत्यारीत येतो. विशेष शिक्षकाची पदविका म्हणजे डी.एड. विशेष शिक्षण, आणि तिला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची मान्यता लागते. दोन्ही पदविका बारावीनंतरच्या, दोन्ही दोन वर्षांच्या, नावेही जवळपास सारखी. घोळ इथेच होतो, आणि तो प्रवेश घेताना लक्षात येत नाही. दोन वर्षे खर्ची पडल्यावर, भरतीचा अर्ज भरताना कळतो.

म्हणून महाविद्यालय शोधण्याआधी कोणत्या वर्गाला आणि कोणत्या मुलांना शिकवायचे आहे, ते ठरवावे.

कोणती पदविका कुठे चालते

पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालत नाही. एनसीटीईने २८ जून २०१८ च्या अधिसूचनेने बी.एड. धारकांना या वर्गांसाठी पात्र ठरवले होते, पण सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात ती वाट बंद केली. लहान मुलांना शिकवण्याचे शास्त्र वेगळे असते आणि बी.एड.मध्ये ते शिकवले जात नाही, हा त्यामागचा विचार. 'आधी पदवी, मग बी.एड., मग कुठेही नोकरी' हा घरोघरी दिला जाणारा सल्ला प्राथमिक शाळेसाठी आता चुकीचा आहे. सहावी ते आठवीसाठी पदवीबरोबर डी.एल.एड. किंवा बी.एड. चालते.

विशेष शिक्षणाच्या पदविकेबद्दल एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. एनसीटीईच्या २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेनुसार बारावीला ५० टक्के, आरसीआय मान्यताप्राप्त विशेष शिक्षण पदविका आणि टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण, एवढ्यावर उमेदवार सर्वसाधारण शाळेच्या पहिली ते पाचवीसाठीही पात्र ठरतो. नेमणूक झाल्यानंतर त्याला एनसीटीई मान्य सहा महिन्यांचा प्राथमिक शिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. उलट दिशेने मात्र ही सोय नाही. फक्त डी.एल.एड. झालेला उमेदवार विशेष शिक्षक म्हणून काम करू शकत नाही. दोन्ही क्षेत्रे खुली ठेवायची असतील आणि बौद्धिक अक्षमता, श्रवणदोष किंवा दृष्टिदोष असलेल्या मुलांबरोबर मनापासून काम करायचे असेल, तर विशेष शिक्षणाची पदविका हाती जास्त पर्याय देते. केवळ जास्त जाहिराती दिसतात म्हणून मात्र ती निवडू नये. पहिल्याच महिन्यापासून प्रत्यक्ष मुलांबरोबर काम असते आणि त्याला मोठा धीर लागतो.

दोन्ही पदविका एकाच वेळी करता येतील का, असे अनेक जण विचारतात. दोन्ही पूर्णवेळ आहेत, दोन्हींत हजेरीची आणि सरावाची सक्ती आहे. एकीनंतर दुसरी, हाच व्यवहार्य मार्ग.

डी.एल.एड.: पात्रता आणि अर्ज

प्रवेश राज्यभर एकाच ऑनलाइन प्रक्रियेने होतात. ती पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, म्हणजे एससीईआरटी चालवते. वेळापत्रक बारावीच्या निकालानंतर लागते. शाखेची अट नाही. कला, वाणिज्य, विज्ञान सगळे चालतात. गुणांची अट मात्र काटेकोर आहे: खुल्या प्रवर्गाला बारावीला किमान ४९.५ टक्के, बाकी प्रवर्गांना ४४.५ टक्के. वेगळी प्रवेश परीक्षा नाही. गुणवत्ता यादी बारावीच्या गुणांवर लागते.

सुरुवातीला मोबाइल क्रमांक आणि ईमेल देऊन नोंदणी करायची. दोन्ही स्वतःचे आणि पुढची काही वर्षे चालू राहतील असे असावेत. सायबर कॅफेवाल्याचा ईमेल टाकला की दुरुस्तीचा निरोप त्याच्याकडे जातो आणि मुदत टळून जाते. मग माहिती भरायची, कागदपत्रे चढवायची, शुल्क भरायचे आणि अर्ज अंतिम करायचा. काम इथे संपले असे समजून बरेच जण निर्धास्त होतात. अर्जाची तपासणी जिल्ह्याच्या डाएटमधले, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतले पडताळणी अधिकारी करतात. त्यांनी मंजूर केल्याशिवाय तो गुणवत्ता यादीत धरला जात नाही. दाखला पुसट असेल, चुकीच्या जागी दुसराच कागद चढवला असेल, गुण चुकीचे टाकले असतील, तर अर्ज दुरुस्तीसाठी परत येतो. म्हणून अर्ज भरल्यावर रोज एकदा लॉगिन करून त्याची स्थिती पाहावी. परत आलेला अर्ज दुरुस्त करून पुन्हा अंतिम करावा लागतो. नुसती फाइल बदलून काम होत नाही.

पुढे अध्यापक विद्यालयांचा पसंतीक्रम भरायचा. इथे माध्यम नीट निवडावे. मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी अशा माध्यमांची विद्यालये वेगवेगळी आहेत आणि पुढे भरतीत रिक्त पदे माध्यमानुसारच निघतात. घराजवळ आहे म्हणून भलत्याच माध्यमाचे विद्यालय पहिल्या क्रमांकावर टाकू नये. पहिल्या पसंतीचे विद्यालय मिळून तिथे प्रवेश घेतला नाही तर पुढच्या फेऱ्यांचे काय, हा नियम त्या वर्षीच्या माहितीपत्रकात आधी वाचावा आणि मगच क्रम कायम करावा. खाजगी विद्यालयांत शासकीय कोट्याबरोबर व्यवस्थापन कोटाही असतो. नियमित फेऱ्यांनंतर जागा उरल्या तर विशेष फेरी निघते, म्हणून पहिल्या फेरीत नाव नाही आले तर घाबरून देणगी मोजायला जाऊ नये.

अभ्यासक्रमात दोन वर्षांत मिळून किमान २० आठवडे शाळेत काढावे लागतात: वर्गनिरीक्षण, पाठ टाचण, सराव पाठ आणि सलग आंतरवासिता (इंटर्नशिप). एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे वर्गातली हजेरी ८० टक्के आणि शाळेतली ९० टक्के लागते. वार्षिक परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते.

डी.एड. विशेष शिक्षण: आधी प्रवर्ग, मग संस्था

पात्रता: बारावी कोणत्याही शाखेतून ५० टक्के. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, ओबीसी आणि दिव्यांग उमेदवारांना ५ टक्के सवलत. इथे अर्ध्या टक्क्याची सूट गृहीत धरू नये. खुल्या प्रवर्गातला ४९.६ टक्क्यांचा विद्यार्थी डी.एल.एड.ला बसतो, पण इथे बसत नाही.

हा अभ्यासक्रम प्रवर्गनिहाय आहे. श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक व विकासात्मक अक्षमता हे त्यातले मुख्य प्रवर्ग. प्रवेश कोणत्या प्रवर्गात घेतला, त्यावर पुढची नोकरी ठरते. कर्णबधिर विद्यालयातल्या पदासाठी श्रवणदोषाची पदविका लागते. दृष्टिदोषाची पदविका घेऊन तिथे अर्ज टिकत नाही. शिकायचेही वेगवेगळे असते: एकीकडे सांकेतिक भाषा, श्रवणयंत्र आणि वाणी विकास, दुसरीकडे ब्रेल, टेलर फ्रेम (अंध मुलांसाठीची गणिताची पाटी), अॅबॅकस, चलनवलन, तिसरीकडे प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा आणि रोजच्या जगण्यातली कौशल्ये. प्रवेशाआधी त्या प्रवर्गाच्या शाळेत परवानगी घेऊन दोन-तीन दिवस बसून यावे, ही कळकळीची सूचना. दोन वर्षांचा निर्णय माहितीपत्रकावरून होत नाही.

प्रवेशाची पद्धत आरसीआयच्या त्या त्या वर्षीच्या परिपत्रकात दिलेली असते आणि गेल्या काही वर्षांत ती बदलत आली आहे. मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याने सांगितलेली रीत यंदा लागू असेल असे समजू नये. पदविकेची परीक्षा आरसीआयच्या राष्ट्रीय पुनर्वास परीक्षा मंडळामार्फत होते. संस्था निवडताना आरसीआयच्या संकेतस्थळावरच्या यादीत चार गोष्टी ताडून पाहाव्यात: संस्थेचे नाव, अभ्यासक्रम, प्रवर्ग आणि मान्यतेचे वर्ष. मान्यता ठरावीक मुदतीची असते. संस्था जुनी आणि नावाजलेली असली तरी ज्या वर्षी आपली तुकडी भरली त्या वर्षी मान्यता नसेल, तर पदविका नोंदणीला अपात्र ठरते. सहा महिन्यांत 'विशेष शिक्षिका' बनवणारी खाजगी प्रमाणपत्रे या नोंदणीसाठी निरुपयोगी आहेत. पालकांना ती आकर्षक वाटतात, म्हणून हे स्पष्ट सांगायला हवे.

कागदपत्रे

- दहावी आणि बारावीची गुणपत्रिका व प्रमाणपत्र
- शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालय सोडल्याचा दाखला
- अधिवास प्रमाणपत्र, आधार कार्ड
- जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र
- नॉन-क्रिमीलेयर किंवा ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) प्रमाणपत्र, लागू असेल ते
- दिव्यांग उमेदवारांसाठी ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र अथवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र)
- मध्ये खंड असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र
- छायाचित्र आणि सही, सांगितलेल्या आकारात

अडतात ती दोन-तीन कागदपत्रे. अनुसूचित जाती-जमातींना नॉन-क्रिमीलेयर लागत नाही. विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग, ओबीसी आणि एसईबीसी, म्हणजे सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग, यांना लागते. त्याची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून जूनमध्ये अर्ज भरताना दाखल्यावरची तारीख आधी पाहावी. ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र एकाच आर्थिक वर्षापुरते चालते. जात वैधतेला महिने लागतात. तो प्रस्ताव बारावीत असतानाच दाखल करावा आणि पोचपावती जपून ठेवावी.

केंद्राच्या संस्थेत अर्ज करणाऱ्यांसाठी दाखल्यांचे गणित बदलते. मुंबईत वांद्र्याला वाक् व श्रवण दिव्यांगत्वाची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. अशा ठिकाणी ओबीसी दाखला केंद्रीय नमुन्यात लागतो आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. एसईबीसी हा राज्याचा प्रवर्ग आहे, केंद्रात तो धरला जात नाही; निकषात बसणाऱ्या मराठा उमेदवारांनी तिथे केंद्रीय नमुन्यातले ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र काढावे.

नावातला फरकही त्रास देतो. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक, आधारवर दुसरे, लग्नानंतर तिसरे. दहावीचे नाव मूळ धरून आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यावे. नाव बदललेच असेल तर राजपत्राची प्रत सोबत ठेवावी. हे काम पदविकेच्या आधी उरकले तर पुढची नोंदणी, टीईटी आणि भरती, तिन्ही ठिकाणचा ताप वाचतो.

पदविका हातात आल्यावर

विशेष शिक्षकाने सर्वात आधी आरसीआयकडे ऑनलाइन अर्ज करून केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव घालावे. त्यातून मिळतो तो सीआरआर क्रमांक. तो नसताना पुनर्वास व्यावसायिक म्हणून काम करणे १९९२ च्या आरसीआय कायद्याच्या कलम १३ नुसार गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी सीआरई, म्हणजे निरंतर पुनर्वास शिक्षणाच्या कार्यशाळांचे गुण लागतात. ती प्रमाणपत्रे पहिल्या दिवसापासून एका फाइलीत ठेवावीत.

सर्वसाधारण शाळेसाठी टीईटी. महाटीईटी राज्य परीक्षा परिषद घेते, सीटीईटी सीबीएसई घेते. पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी: बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी ३० गुण, एकूण १५०, वेळ अडीच तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. महाटीईटीत उत्तीर्ण व्हायला खुल्या प्रवर्गाला ६० टक्के, म्हणजे ९० गुण. राखीव आणि दिव्यांग उमेदवारांना ५५ टक्के. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालते. टीईटी टाळता येईल या आशेवर कोणी राहू नये. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही ती दोन वर्षांत उत्तीर्ण होण्यास सांगितले आहे.

टीईटीने पात्रता मिळते, क्रम मिळत नाही. क्रम ठरतो टेट, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीत: २०० प्रश्न, २०० गुण, दोन तास, त्यात १२० अभियोग्यतेचे, ८० बुद्धिमत्तेचे. तिचे गुण घेऊन पवित्र पोर्टलवर, म्हणजे राज्याच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावर, स्वप्रमाणपत्र भरायचे आणि जाहिराती आल्यावर पसंतीक्रम द्यायचा. स्वप्रमाणपत्रात पदविकेचे नाव, माध्यम किंवा प्रवर्ग चुकला तर पात्र पदेच दिसत नाहीत, आणि नंतर दुरुस्तीची संधी मिळेलच असे नाही. निवड झाल्यावर पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून काढावी लागतात. प्राथमिकचे मानधन जानेवारी २०२३ पासून दरमहा १६,००० रुपये आहे.

विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे येतात, शालेय शिक्षण विभागाकडे नाही. त्यांच्या जाहिराती तिकडे शोधाव्या लागतात. सर्वसाधारण शाळांतल्या दिव्यांग मुलांसाठीची पदे मात्र शालेय शिक्षण विभागाची. प्राथमिक स्तरावर दर १० दिव्यांग मुलांमागे आणि वरच्या वर्गांत दर १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, हे प्रमाण सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये घालून दिले. ही मुले आज आपल्याच गल्लीतल्या शाळांत बसलेली आहेत आणि त्यांच्याकडे बघायला प्रशिक्षित माणूस नाही, म्हणून ही पदे भरली जाणे गरजेचे आहे. अशा पदासाठी अर्ज करताना सीआरआर क्रमांक चालू असावा. मुदत संपलेली नोंदणी जोडली की अर्ज पहिल्याच छाननीत बाजूला पडतो.