कर्ण्याच्या डब्यात कुठला बेस बसवायचा?

शिवजयंती किंवा गणपती जवळ आले की बेळगाव, निपाणी, खानापूर पट्ट्यातल्या डॉल्बीवाल्यांचे डबे दुरुस्तीला निघतात. कुणाच्या स्पीकरची कॉइल (तांब्याच्या तारेची गुंडाळी) जळलेली, कुणाचा कोन (हलून आवाज काढणारा कागदी पडदा) फाटलेला. दुकानात मागणी ठरलेली: "अठरा इंची, हजार वॅटचा द्या की ओ." तो भोकात बसतो, वाजतोही. पण डबा कर्ण्याचा असेल, म्हणजे आत रुंदावत जाणारी वाट असलेला डब्लू बिन किंवा स्कूप, तर इंच आणि वॅट हे दोन आकडे फारच थोडं सांगतात.

उघड्या हवेत कोन हलतो तेव्हा त्याला धड विरोधच होत नाही. हवा बाजूला सरकते आणि ॲम्प्लिफायरच्या शंभर वॅटमधले जेमतेम दोन-चार वॅट आवाज होतात, बाकीची उष्णता. कर्णा हवेला निसटू देत नाही. घशापासून तोंडापर्यंत हळूहळू रुंदावत तो कोनावर खरा भार टाकतो, म्हणून तेवढ्याच विजेत आवाज कितीतरी वाढतो. सायकलच्या पंपाचं तोंड अर्धवट दाबून दट्ट्या रेटला की हाताला जे जाणवतं, तेच इथे कोनाला जाणवतं. अठरा इंची कोनाचं क्षेत्रफळ साधारण १२०० चौरस सेंटिमीटर. घसा ६०० चा असेल तर दाब दुपटीचा. घरगुती सबवूफरचा मऊ, लांब पल्ल्याचा कोन इथे चुरगळतो. कागद कडक हवा आणि मॅग्नेट जोरकस.

मॅग्नेटचा जोर कळतो स्पीकरच्या माहितीपत्रकातल्या क्यूईएस (Qes) या आकड्यावरून. तो जितका लहान तितकी पकड घट्ट. स्पीकर असे मोजक्या आकड्यांत मांडण्याची पद्धत ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडली, पुढे रिचर्ड स्मॉल यांनी ती वाढवली. एक ढोबळ हिशोब दुकानातच करता येतो: एफएसची (Fs), म्हणजे कोनाच्या स्वतःच्या कंपनसंख्येची दुप्पट करा आणि क्यूईएसनं भागा. एफएस ३५ आणि क्यूईएस ०.३० असेल तर उत्तर २३३ हर्ट्झ. एफएस ३० आणि क्यूईएस ०.५५ असेल तर फक्त १०९. या उत्तराच्या वरच्या सुरांना कोनाचं वजनच आड येतं आणि आवाज उतरू लागतो. म्हणजे कागदावर जास्त 'खोल' दिसणारा दुसरा स्पीकर ढोलाचा ठोका बोथट करणार.

डब्लू बिनमध्ये कोनामागची बंद जागा मुद्दाम मोजून ठेवलेली असते. तिथल्या हवेची स्प्रिंग कर्ण्याच्या खालच्या टोकाला सूर सांभाळते. नव्या स्पीकरचं मॅग्नेट जाडजूड असेल तर ती जागा कमी होते. कोन जास्त खोल असेल तर पुढची पोकळी वाढते आणि वरचे सूर दबतात. जुन्या स्पीकरच्या मापांचा नकाशा घेऊन जाणारं गिऱ्हाईक मात्र क्वचितच दिसतं.

वॅटबद्दल थोडंच. वॅट दुप्पट केले की वाढ होते ३ डेसिबलची. त्यापेक्षा ३ डेसिबल जास्त संवेदनशील, म्हणजे तेवढ्याच वॅटला जास्त वाजणारा, स्पीकर घेतलेला बरा, तो कमी तापतो. तांब्याचा विरोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. कॉइल २०० अंशांनी तापली तर तो पाऊणपटीहून अधिक चढतो आणि आवाज उतरतो. बेळगावची विसर्जन मिरवणूक रात्रभर चालते, त्यात हा फरक कानाला कळतो. (रात्री दहानंतर वाजवणं कायद्यात बसतं का, हा प्रश्न इथे सोडून देऊ.) खानापूरकडच्या पावसात साधा कागदी कोन ओल धरतो, म्हणून लेप दिलेलाच घ्यावा.

कर्ण्याच्या मर्यादेखालचे सूर फिल्टर लावून तोडलेच पाहिजेत. तिथे भार नाहीसा होतो, कोन मोकाट हलतो आणि नवी कॉइलही पहिल्याच मिरवणुकीत जाते.

शेवटी ध्रुवता, म्हणजे धन-ऋण टोकं, तपासा. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावला, धन टोक लाल खुणेला, की कोन सहसा पुढे यावा. जुन्या जेबीएल स्पीकरमध्ये तो मागे जातो. शेजारच्या डब्यात तसला जुना असेल आणि हा नवा, तर दोन्ही कोन एकाच दिशेनं हलावेत म्हणून एकाची वायर उलटी जोडावी लागते.