वेदाला कर्ता का नाही?

गणपतीत बेळगाव, खानापूर, निपाणीकडे आरती संपली की ओंजळीत फुलं घेऊन मंत्रपुष्पांजली म्हणतात. ‘यज्ञेन यज्ञमयजन्त देवाः’. मराठी घरात ‘यद्‌न्येन’ ऐकू येतं, शेजारच्या कानडी घरात ‘यग्न्येन’च्या जवळचं काहीतरी. ऋचा तीच, पुरुषसूक्तातली शेवटची (ऋग्वेद १०.९०.१६). या सूक्ताचा ऋषी नारायण. पण परंपरेत ऋषी म्हणजे मंत्र पाहणारा, रचणारा नव्हे.

म्हणूनच वेदाला अपौरुषेय म्हणतात, म्हणजे कुणीच न रचलेला. त्याचा अर्थ देवाने रचलेला, असा सर्रास लावतात. वेद ईश्वराने केला, हे मत नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांचं. मीमांसकांना, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाच्या लोकांना, कर्ता म्हणून ईश्वरही चालत नाही. शब्द आणि अर्थ यांचं नातं कुणी ठरवलेलं नसून मुळातलंच आहे, असं मीमांसासूत्रांचे कर्ते जैमिनी सांगतात. मग कठ ऋषीवरून आलेल्या ‘काठक’सारखी माणसांची नावं वेदाच्या शाखांना कशी? जैमिनींचं उत्तर दोन शब्दांचं: ‘आख्या प्रवचनात्’. शिकवणाऱ्याचं नाव लागलं, एवढंच.

सातव्या शतकाच्या सुमारास मीमांसक कुमारिल भट्टांनी बौद्धांशी वाद घालताना याला धार लावली. बौद्धांच्या मते बुद्धवचन खरं का, तर बुद्ध सर्वज्ञ म्हणून. कुमारिल म्हणतात, बोलणाऱ्याचा भ्रम आणि लबाडी वाक्यात उतरते. बोलणाराच नसेल तर दोष येणार कुठून? पुढे शंकराचार्य आणि मध्वाचार्यांचं एकमेकांशी जुळलं नाही, तरी वेद अपौरुषेय हे दोघांनी मानलं. आपल्याकडच्या स्मार्त आणि वैष्णव घरांत ते आजही मान्य आहे. लिंगायतांची वचनं मात्र वेदाचं प्रामाण्य मानत नाहीत, आणि बसवण्णांच्या वचनात ‘कूडलसंगमदेव’ ही अंकित असते, जशी अभंगात ‘तुका म्हणे’. वेदात अशी मुद्रा नाही.

कर्ता नाही म्हणजे चूक झाली तर विचारायचं कुणाला? सगळा भार म्हणणाऱ्याच्या गळ्यावर येतो, म्हणून पाठांची एवढी कडक शिस्त. घनपाठ या पाठांतराच्या पद्धतीत तीन पदं घ्यायची: यज्ञेन (१), यज्ञम् (२), अयजन्त (३). क्रम असा: १-२, २-१, १-२-३, ३-२-१, १-२-३. तीन पदांसाठी तेरा उच्चार. मग एक पद पुढे सरकून पुन्हा तेच. एखादं पद गळलं किंवा संधी चुकला की उलट्या फेरीत लगेच अडतं.

स्वर त्याहून नाजूक. कथा अशी: त्वष्टा या देवाने इंद्राला मारणारा मुलगा, वृत्र, मागितला, पण ‘इंद्रशत्रु’ शब्दात शेवटी हवा तो उदात्त, म्हणजे उंच स्वर, पहिल्या अक्षरावर पडला. तत्पुरुषाचा बहुव्रीही झाला, ‘इंद्राला मारणारा’ऐवजी ‘इंद्र ज्याला मारील असा’ अर्थ निघाला, आणि वृत्र इंद्राच्या हातून मेला.